तापाचे नाव काय?

बोर्डीहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर जावे तशा चिकूच्या वाड्या मागे पडतात, वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो आणि झाई येते. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातले हे गाव म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे उत्तरेकडचे शेवटचे टोक, त्यापुढे गुजरात. २०२२ च्या जुलैत, आवणीच्या दिवसांत, इथल्या आश्रमशाळेतली सात वर्षांची एक मुलगी राज्याच्या बातम्यांत आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला तिच्या नमुन्यात झिका विषाणू सापडला होता. आरोग्य खात्याने १३ जुलैला ते जाहीर केले. महाराष्ट्रातला झिकाचा हा दुसरा रुग्ण. पहिला आदल्या वर्षी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता.

बातमी यथावकाश विरली. युगांडातल्या एका जंगलाचे नाव मिरवणारा विषाणू झाईच्या आश्रमशाळेत पोचला कसा, हे कुतूहल स्वाभाविक आहे. त्याहून अवघड प्रश्न दुसरा आहे: तो सापडला कसा? कारण अशा गावांत बहुतेक ताप न सापडताच येतात आणि जातात. संसर्गजन्य रोगांवरच्या ताज्या संशोधनाची ओळख करून देताना मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांऐवजी डहाणू-तलासरीपासून सुरुवात करायची, ती याच प्रश्नासाठी.

इथल्या पाड्यांवर पावसाळ्यात ‘ताप’ ही एकच गोष्ट असते. अंग भाजते, डोके ठणकते, सांधे धरतात, माणूस घोंगडी ओढून पडून राहतो. या एका शब्दाच्या पोटात हिवताप असू शकतो, डेंगी, चिकुनगुनिया, लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो, विषमज्वर असू शकतो, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा स्क्रब टायफसही असू शकतो. पहिल्या दोन दिवसांत मुरलेल्या डॉक्टरलाही नुसत्या नजरेने ते वेगळे काढता येत नाहीत. उपचार मात्र सगळ्यांचे एकसारखे नाहीत. डेंगीच्या विषाणूवर औषधच नाही. तिथे पाणी, विश्रांती आणि बारीक लक्ष, आणि काही वेदनाशामके तर टाळायची, कारण रक्तस्राव वाढतो. लेप्टो आणि स्क्रबला डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी वेळेवर मिळाली तर माणूस उठून बसतो, आणि उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसे धोक्यात येतात. स्क्रब विकोपाला गेल्यावर काय करावे, यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या काही रुग्णालयांनी मिळून चाचणी केली. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ८०० गंभीर रुग्णांमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र दिल्यावर मृत्यू, टिकून राहणारा ताप किंवा अवयवांची गुंतागुंत यांपैकी काहीतरी ३३ टक्क्यांमध्ये घडले. एकच औषध दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ४७-४८ टक्के होते. दोन्ही औषधे जुनी, कुठल्याही दुकानात मिळणारी. पण ती देण्याआधी कुणीतरी तापाचे नाव ओळखलेले असावे लागते.

झिका तर लपण्यात पटाईत. लागण झालेल्या दर पाच जणांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. पाचव्याला थोडा ताप, पुरळ, लाल डोळे, आणि आठवड्यात तो बरा. रक्तात विषाणू थोडेच दिवस राहतो, लघवीत जरा जास्त. तेवढ्या मुदतीत नमुना घेतला आणि तो थंड राखून प्रयोगशाळेत पोचवला, तरच जनुकीय चाचणीत तो दिसतो. मुदत टळली की प्रतिपिंडांचा आधार घ्यावा लागतो, आणि तिथे पंचाईत होते: झिका आणि डेंगी हे इतके जवळचे भाऊबंद की एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत ओळख दाखवतात. जिथे डेंगी घरोघर होऊन गेला आहे, तिथे जुना कुठला आणि नवा कुठला हे सांगणे कठीण.

म्हणून ‘झिका भारतात नवा’ हे विधानही सावधपणे घ्यावे. युगांडात हा विषाणू १९४७ मध्ये एका माकडात मिळाला. पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय संस्था ती हीच. त्या केंद्राच्या सुरुवातीच्या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. १९६ पैकी ३३ नमुन्यांमध्ये झिकाविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. त्यांतली काही डेंगीच्या नात्यातली असतील, हे धरले तरी आकडा विसरण्यासारखा नव्हता. तो विसरला गेला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझीलमधल्या लहान डोक्याच्या बाळांमुळे आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तेव्हा कुठे झिकाचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. पुढे अहमदाबाद, जयपूर, भोपाळ, केरळ, कानपूर अशी नावांची यादी वाढत गेली.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात झिकाचे १४० रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १२५ पुणे जिल्ह्यातले. पुण्यात डास नाहीत असे कुणी म्हणणार नाही. पण पुण्यात प्रयोगशाळाही आहे, तपासणीचा आग्रह धरणारे डॉक्टर आहेत आणि गरोदरपणात ताप आला म्हणून चाचणी करून घेणाऱ्या स्त्रिया आहेत. रोगांच्या नकाशावर जिथे ठिपके दाट दिसतात तिथे कधी रोग दाट असतो, तर कधी नुसत्या चाचण्या दाट असतात. पालघरच्या कोऱ्या जागांकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे. झाईचा एक ठिपका हा तिथल्या झिकाचा हिशेब नव्हे. त्या एका तापाची विचारपूस पुण्यापर्यंत गेली, एवढेच तो सांगतो.

विचारपूस जवळच व्हावी यासाठी एक प्रयत्न डहाणूतच झाला आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत ग्रामीण भागांत आदर्श आरोग्य संशोधन केंद्रे उघडायचे ठरवले. त्यांतले महाराष्ट्रातले एक डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाला लागून आहे. जुनी माणसे या रुग्णालयाला अजून ‘कॉटेज’ म्हणतात. केंद्राची नाळ परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेशी जोडलेली आहे. या केंद्राने नाव मिळवले ते गंमत म्हणजे कुठल्या जंतूमुळे नव्हे, सापांमुळे. डहाणूच्या रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. त्यानंतर संशोधकांनी रुग्णालयाबाहेर पाऊल टाकले आणि गावकरी, भगत, सर्पमित्र, आरोग्य कर्मचारी या सगळ्यांना सर्पदंशाबद्दल काय ठाऊक आहे ते विचारले. भगताला शत्रू न मानता प्रश्नपत्रिकेत जागा द्यायची, ही त्यातली खरी अक्कल. साप चावलेला माणूस आधी भगताकडे जातो, तसा तापाचाही. तेव्हा भगताने कोणत्या वेळी ‘आता दवाखान्यात न्या’ म्हणावे, हा सार्वजनिक आरोग्याचा चांगला अभ्यासविषय आहे.

खेड्यात बसून जगाला शिकवता येते, हे महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांमधला जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर घरीच उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या क्षेत्रीय अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. त्या स्त्रियांच्या हाती फार मोठे यंत्र नव्हते. बाळाचे दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग लुळे पडले, अशी लक्षणे त्यांनी मोजली. तापाला नाव देण्याचीच ती एक रीत.

आता सीमेकडे. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा जुना उंबरगाव तालुका चिरला गेला. उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. पूर्वेला दादरा नगर हवेली. एकाच वारली कुटुंबातली सोयरीक तिन्हीकडे पसरलेली. पोटासाठी माणसे वापीच्या कारखान्यांत जातात, वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्महिने राहतात, आणि दुखणे वाढले की तलासरीहून मुंबईपेक्षा सिल्वासा नि वलसाड जवळ पडते. रोगांच्या नोंदी मात्र राज्याच्या वहीत. वहीच्या कडेला आलेला रुग्ण दोन्ही वह्यांतून निसटू शकतो.

जंतूंना अच्छाडचा तपासणी नाका लागत नाही. दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातले जंतू खाचरातल्या पाण्यातून अनवाणी पायांच्या भेगांत शिरतात. तिथे शेतमजुरांना डॉक्सिसायक्लिनचे प्रतिबंधक डोस देण्याची मोहीमही झाली. आवणीचे पाणी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच असते, भेगाळलेल्या टाचाही सारख्याच. २०२० च्या सप्टेंबरात गुजरातच्या काही भागांत काँगो ताप आढळल्यावर पालघर प्रशासनाने पशुपालकांना सावधगिरीचा इशारा दिला होता. गुरांच्या गोचिडांतून येणारा हा रोग भारतात पहिल्यांदा ओळखला गेला तो २०११ मध्ये, अहमदाबादजवळ. इशारा वेळेवर दिला गेला हे चांगले झाले. लेप्टोसारख्या दरवर्षीच्या पाहुण्याबद्दल दोन शेजारी जिल्ह्यांनी एकच नोंदवही ठेवणे त्याहून चांगले.

सीमेपलीकडच्या संशोधनाचा एक धडा तर अगदी उंबरठ्यावरचा आहे. कुष्ठरोगाचा जंतू फार संथ वाढतो. लागण आणि पहिला चट्टा यांत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. रुग्णाला औषध सुरू होईपर्यंत घरातल्यांमध्ये आणि शेजाऱ्यांमध्ये तो रुजलेला असू शकतो. बांगलादेशात १,०३७ रुग्णांच्या २१,७११ निकटवर्तीयांवर चाचणी झाली. त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिल्यावर पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. हा अहवाल २००८ चा. चाचणीत सिद्ध झालेली गोष्ट सरकारी यंत्रणेला रोजच्या कामात पेलते का, हे पाहण्यासाठी पुढे अनेक देशांत मोठा प्रकल्प झाला. त्यासाठी भारतात निवडलेली जागा होती दादरा नगर हवेली, तलासरीच्या शेजारची. सगळ्या देशांत मिळून दीड लाखाहून अधिक निकटवर्तीयांना हा डोस दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची शिफारस केली.

या प्रकल्पातले सर्वांत नाजूक काम औषधाचे नव्हते. ‘तुमच्या शेजाऱ्याला कुष्ठरोग आहे’ हे न सांगता शेजाऱ्याला गोळी कशी द्यायची? घरातल्यांना सांगता येते. पाड्यावरच्या इतरांना सांगितले तर रुग्णाचे पाणी तुटू शकते. म्हणून रुग्णाचे नाव घेण्याआधी त्याची परवानगी, आणि तो नको म्हणाला तर वस्तीच्या सरसकट तपासणीच्या आडोशाने गोळी, असे मार्ग शोधावे लागतात. शोधनिबंधात अशी गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. आशाताईची मात्र अख्खी दुपार त्यात जाते.

हिवतापाकडे आले की विषय थेट रक्तात शिरतो. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप पुन्हा उसळतो. दडलेल्याला मारायला प्रायमाक्विन लागते, रोज एक मात्रा याप्रमाणे १४ दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला की माणूस कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या कुडाच्या भिंतीत खोचलेल्या राहतात. अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधल्या २,३८८ रुग्णांवरच्या चाचणीत दुप्पट मात्रेचा सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या तोडीचा ठरला. २०१९ मध्ये तो निष्कर्ष आला. मग तोच इथे का नको?

कारण रक्तातले एक विकर. जी-सिक्स-पीडी नावाचे हे विकर ज्यांच्यात कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात, आणि त्या चाचणीत अशा माणसांना घेतलेच नव्हते. भारतातल्या निरनिराळ्या समाजांत ही कमतरता अगदी नगण्य ते २७ टक्क्यांपर्यंत इतकी वेगवेगळी आढळली आहे. तिचा भारतातला पहिला अहवाल साठच्या दशकातला, मुंबईच्या पारशी समाजातला. डहाणू-घोलवडच्या वाडीचे इराणी-पारशी मालक आणि तिथे राबणारे आदिवासी मजूर यांच्यात फार थोड्या गोष्टी समान असतील. पण प्रायमाक्विनची मात्रा वाढवण्याआधी दोघांचेही रक्त तपासावेच लागेल. सिकलसेल या रक्तातल्या आनुवंशिक दोषाचेही हिवतापाशी नाते आहे. तो आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर फाल्सिपेरम जातीच्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, दोघांकडून आला तर आयुष्यभराचे दुखणे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. रक्ताच्या त्याच थेंबात जी-सिक्स-पीडीही पाहता आले तर हिवतापाच्या उपचाराचे एक मोठे कोडे सुटायला मदत होईल.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवताप लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. ती फाल्सिपेरमविरुद्ध आहे आणि आफ्रिकेतल्या बालकांसाठी तिचे मोल मोठे आहे. पुण्यात बनते म्हणून ती पालघरला येईल, अशी आशा धरण्याचे मात्र कारण नाही. व्हायवॅक्सवर तिचा उपाय चालत नाही.

क्षयरोगावरच्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत महत्त्वाच्या भारतीय प्रयोगात औषध कोणते होते? तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने २,८०० रुग्णांना दिवसाला १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा शिधा दिला, आणि निम्म्या गटातल्या घरच्यांनाही धान्य दिले. एकूण १०,३४५ कुटुंबीय या अभ्यासात होते. ज्या घरच्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले, आणि थुंकीतून पसरणाऱ्या प्रकाराचे ४८ टक्क्यांनी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा अनेक लसकर्त्यांना हेवा वाटला असेल. पालघरच्या डोंगरपट्ट्याला मात्र यात आश्चर्य वाटायला नको. जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य हादरले, तेव्हाच उपाशी अंगाला साधा संसर्गही कसा जड जातो हे दिसले होते. सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. घरच्यांच्या ताटाचे काय, हा प्रश्न झारखंडने विचारला.

आणि एक गोष्ट, जिचा उल्लेख टाळून हा विषय उघडणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धच्या लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. त्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मृत्यूंच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, आणि लसही चांगली आहे. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालाने संमतिपत्रांवर बोट ठेवले: आंध्रातल्या ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकाची किंवा मुख्याध्यापकाची. उत्तम लसही अशा सहीने बदनाम होते आणि पुढची दहा वर्षे आई-बाप आरोग्य कर्मचाऱ्याला पाहून दार लावतात.

डहाणू-तलासरीत आश्रमशाळा पुष्कळ आहेत, आणि एका छपराखाली शेकडो मुले म्हणजे रोगसर्वेक्षणाच्या दृष्टीने सोयीची जागा. ही सोय आहे म्हणूनच जपून वापरायची. झाईच्या मुलीचा नमुना निदानासाठी गेला होता, संशोधनासाठी नव्हे. साथीत तसा तो जायलाच हवा. संशोधनासाठी जाणाऱ्या नमुन्याचे नियम वेगळे आहेत. मराठीत छापलेले संमतिपत्र वारली बोलणाऱ्या आईला वाचून दाखवले, एवढ्याने संमती होत नाही. तिने उलट प्रश्न विचारला तर झाली असे समजावे.

वाचकाला एकच विनंती. इथून पुढे जे जे आकडे भेटतील, त्या प्रत्येकाशी थबकून दोन गोष्टी विचाराव्यात: हे रक्त कुठल्या गावचे, आणि तपासणीचे उत्तर त्या गावाला परत कळवले का? उत्तर निबंधात नसेल तर निबंध लिहिणाऱ्याला पत्र टाकून विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनात पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचे वय सुरू होते सातव्या वर्षी.